पैसा हवा, पण कशासाठी?

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून बोदलकसा आहे. गावापेक्षा तलावाचे नाव मोठे. डोंगरांच्या मधोमध मातीचा बांध घालून शंभरेक वर्षांपूर्वी अडवलेले हे पाणी पर्यटकांना ठाऊक असते. हिवाळ्यात पक्षी बघायला नागपूरकडून गाड्या येतात. आसपासच्या गावांना मात्र तलाव म्हणजे शेतातला धान. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता आणि मधल्या रिकाम्या दिवसांत मिळेल ते काम. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे हातात पडतील असे या साखळीत काहीच नाही.

या पट्ट्यातली मुले-मुली बारावीनंतर तिरोड्याला, गोंदियाला कॉलेजात जातात. पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. पुढे काय करायचे आहे, असे विचारले की शाखा कोणतीही असो, उत्तर बहुधा एका शब्दाचे असते : नोकरी. त्यातही सरकारी. पूर्व विदर्भातल्या कुठल्याही रस्त्याने पहाटे जा, सोळाशे मीटरची वेळ लावून धावणारे मुलगे आणि आठशे मीटरसाठी धावणाऱ्या मुली दिसतील. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तेवढ्या अंतराची असते.

आता प्रश्न असा, की ‘नोकरी’ हे उत्तर मानसशास्त्राने कोणत्या खणात टाकायचे? पैशाच्या, प्रतिष्ठेच्या, आईवडिलांवरच्या मायेच्या, की सुरक्षिततेच्या? प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. कारण माणूस आयुष्यात कशाच्या मागे लागतो आणि त्याचे मन किती निरोगी राहते, यांचा संबंध गेली तीसहून अधिक वर्षे मोजला जात आहे. त्या मोजमापाचे मुख्य गिऱ्हाईक कोण, तर विद्यापीठातले विद्यार्थी.

या मोजणीची सुरुवात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात झाली. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन या दोघांनी १९९३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाची ध्येये दोन जातीची असतात. काही ध्येयांचे समाधान त्यांच्यातच असते. जवळची नाती, स्वतःची वाढ, समाजासाठी काही करणे. ही आंतरिक ध्येये. दुसरी ध्येये पूर्ण झाली की नाही, हे बाहेरचे लोक ठरवतात किंवा बाहेरची वस्तू ठरवते. संपत्ती, प्रसिद्धी, दिसणे. ही बाह्य ध्येये. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी प्रश्नावली रूढ केली, तिला ‘ॲस्पिरेशन इंडेक्स’ म्हणतात. आपण तिला आकांक्षा-मापन म्हणू.

मापनात सात गट आहेत : संपत्ती, प्रसिद्धी, दिसणे, नाती, आत्मविकास, समाजासाठी योगदान आणि आरोग्य. आरोग्य दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते, म्हणून ते वेगळे ठेवतात. प्रत्येक गटाची पाच विधाने, एकूण पस्तीस. प्रत्येक विधानाला तीन प्रश्न : हे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, हे घडण्याची शक्यता किती वाटते, आणि आजवर यातले किती साधले आहे. उत्तर एक ते सात या अंकांत.

यातली खरी खुबी मात्र बेरजेत नाही, वजाबाकीत आहे. काही माणसे सगळ्यालाच सात देतात; त्यांना सगळेच हवे असते. काही कंजूष असतात, चारच्या वर जात नाहीत. म्हणून एकट्या पैशाला किती गुण दिले, हे पाहून काही कळत नाही. त्या माणसाच्या सर्व गुणांची सरासरी काढायची आणि प्रत्येक गटाच्या गुणांतून ती वजा करायची.

समजा, एका विद्यार्थिनीने संपत्तीला ६, प्रसिद्धीला ३, दिसण्याला ३, नात्यांना ७, आत्मविकासाला ६, समाजाला ५ आणि आरोग्याला ५ दिले. बेरीज ३५, सरासरी ५. वजाबाकी केल्यावर संपत्ती अधिक एक, प्रसिद्धी आणि दिसणे प्रत्येकी उणे दोन. उलट नाती अधिक दोन, आत्मविकास अधिक एक, समाज शून्य. म्हणजे तिचा बाह्य ध्येयांचा आकडा सरासरीने उणे एक, आंतरिक ध्येयांचा अधिक एक. आता समजा, तिच्या बाकावरच्या मुलाने संपत्तीला ६, प्रसिद्धीला ६, दिसण्याला ६, नात्यांना ५, आत्मविकासाला ४, समाजाला ३ आणि आरोग्याला ५ दिले. त्याचीही बेरीज ३५, सरासरी ५. पैशाला दोघांनी सारखेच ६ गुण दिले. पण याचा बाह्य ध्येयांचा आकडा अधिक एक आणि आंतरिक उणे एक. त्याच वर्गात, त्याच पैशाच्या इच्छेसह, दोघे दोन टोकांना. पैसा किती हवा, यापेक्षा पैसा कशाच्या पुढे किंवा मागे उभा आहे, ते हे मापन सांगते.

१९९३च्या त्या निबंधात तीन अभ्यास होते. पहिले दोन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर, तिसरा अठरा वर्षांच्या मुलामुलींवर. ज्यांच्या बाबतीत आर्थिक यश बाकी सगळ्यांच्या पुढे होते, त्यांच्यात उत्साह कमी आणि चिंता व नैराश्याची लक्षणे जास्त आढळली. हे अमेरिकेतले म्हणून सोडून द्यावे, तर पुढे जर्मनी, रशिया, सिंगापूर अशा अनेक ठिकाणच्या विद्यार्थ्यांतही साधारण तीच दिशा दिसली. २०२३ साली शंभराहून अधिक अभ्यासांची, सुमारे सत्तर हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात एक बारकावा हाती लागला, तो आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. बाह्य ध्येये नुसती असण्याचा मनःस्वास्थ्याशी फारसा संबंध नव्हता. ती आंतरिक ध्येयांवर वरचढ झाली की मात्र स्वास्थ्य घसरलेले दिसे. वरच्या उदाहरणातल्या दोन बाकांतला फरक तो हाच.

कोणी म्हणेल, पैशाच्या मागे लागलेल्याला पैसा मिळाला नाही म्हणून तो दुःखी असेल. मिळाल्यावर होईल की खुशाल. ही शंका रास्त आहे आणि तिची परीक्षाही झाली आहे. नीमीक, रायन आणि डेसी यांनी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या १४७ तरुणांना, पदवीनंतर एक वर्षाने आणि पुन्हा दुसऱ्या वर्षी, गाठले. हा अभ्यास २००९ सालचा. ज्याने ज्या ध्येयाला महत्त्व दिले होते, त्यात त्याची प्रगती झाली होती. इथवर सरळ हिशेब. पण ज्यांनी नाती, वाढ, समाजकार्य यांत मजल मारली होती, त्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले. ज्यांनी पैसा, नाव, रूप यांत मजल मारली, त्यांचे सुधारले नाही. उलट त्यांच्यात त्रासाची लक्षणे अधिक होती. मिळूनही.

याचे कारण या मंडळींच्या सिद्धान्तात असे दिले आहे : माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा असतात. आपले आपण ठरवता येणे, आपल्याला काहीतरी जमते ही जाणीव, आणि आपल्या माणसांशी आपलेपणा. आंतरिक ध्येये या गरजा थेट भागवतात. बाह्य ध्येयांचा पाठलाग करताना त्यांच्यासाठीचा वेळच खर्ची पडतो. मला हे स्पष्टीकरण पटते. पण एक गोष्ट सांगायला हवी : या संशोधनातले संबंध हलके आहेत. हजारो माणसांच्या सरासरीत ते दिसतात. समोरच्या एका मुलाच्या गुणांवरून त्याचे मन कसे आहे, हे सांगता येत नाही. ही प्रश्नावली म्हणजे रक्ततपासणी नव्हे. ज्याला झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, त्याने आकांक्षा मोजत बसू नये. डॉक्टरकडे जावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा.

नोकरी कुठल्या खणात?

आता पुन्हा तिरोड्याकडे वळू. आकांक्षा-मापनात संपत्तीची जी पाच विधाने आहेत, त्यांचा रोख असा : आपण खूप श्रीमंत व्हावे, जवळ महागड्या वस्तू असाव्यात, मनात येईल ते विकत घेता यावे. धानाच्या बांधावर वाढलेली, शिष्यवृत्ती कधी जमा होते याची वाट पाहणारी विद्यार्थिनी या पाचांपैकी कशावर खूण करील? तिला श्रीमंत व्हायचे नाही. तिला दर महिन्याला ठरलेला पगार हवा आहे. घरी कोणी आजारी पडले तर सावकाराकडे जावे लागू नये, एवढा. ‘ठरलेल्या तारखेचा पगार’ असे विधान या यादीत नाही. मग ती जवळचे म्हणून ‘आर्थिकदृष्ट्या यशस्वी’वर सात देते आणि कागदावर भौतिकवादी ठरते.

ही अडचण संशोधकांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. २००५ साली फ्रेडरिक ग्रुझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा संस्कृतींतल्या १,८५४ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत भारतातलेही विद्यार्थी होते. सातऐवजी अकरा ध्येये घेतली आणि त्यांत सुरक्षितता, चारचौघांत मिसळून राहणे, अध्यात्म, मौजमजा यांची भर घातली. ही सगळी ध्येये वर्तुळावर मांडली तर जवळची ध्येये शेजारी येतात, विरोधी ध्येये समोरासमोर. पैसा, लोकप्रियता, रूप हे एका बाजूला आणि नाती, समाज हे दुसऱ्या बाजूला, ही मांडणी श्रीमंत आणि गरीब देशांत बरीचशी सारखी निघाली. म्हणजे आंतरिक-बाह्य हा भेद केवळ अमेरिकी खूळ नाही. एवढे मान्य करून पुढे जायला हरकत नाही.

पण भेद सारखा असला, तरी त्याचे परिणाम सगळीकडे सारखेच होतात का? क्रोएशियातल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००९मध्ये आला. तिथे बाह्य ध्येयांचे असे नुकसान दिसले नाही. जिथे अर्थव्यवस्था डळमळीत असते, तिथे पैसा हा पुढच्या गोष्टींचा दरवाजा असतो, असा त्या संशोधकांचा अर्थ. आपल्याकडचा कोणताही बाप हे संशोधनाशिवाय सांगेल.

याहून मोलाचे काम २००१ साली मेरीलँड विद्यापीठातल्या अभिषेक श्रीवास्तव, एडविन लॉक आणि कॅथरीन बार्टोल यांनी केले. त्यांनी पैसा हवा का, हे विचारण्यावर न थांबता पैसा कशासाठी हवा, हे विचारले. दहा हेतू काढले. सुरक्षितता, कुटुंबाचा सांभाळ, आपल्या कामाचा योग्य मोबदला, स्वकर्तृत्वाचा अभिमान, मोकळा वेळ, स्वातंत्र्य, दानधर्म, मनात आले की खर्च करणे, इतरांशी बरोबरी आणि स्वतःविषयीचा न्यूनगंड झाकणे. व्यवस्थापनाचे विद्यार्थी आणि उद्योजक अशा दोन गटांना प्रश्न विचारले. पैशाला महत्त्व देणे आणि मनाचे अस्वास्थ्य यांतला जो संबंध दिसत होता, तो जवळजवळ सगळा शेवटच्या दोन हेतूंपाशी जाऊन थांबला. शेजाऱ्यापेक्षा वर दिसायचे म्हणून, किंवा आपण कोणी नाही ही टोचणी बुजवायची म्हणून ज्यांना पैसा हवा होता, त्यांच्याबाबत. घर चालवायला, कर्जातून सुटायला हवा असलेला पैसा मनाला लागत नव्हता.

यावर रायन यांच्या गटानेही उत्तर दिले. २००४ साली शेल्डन यांच्यासह केलेल्या अभ्यासात त्यांना असे आढळले, की हेतू महत्त्वाचा आहेच, पण ध्येय कोणते हेही हेतूवेगळे स्वतंत्रपणे महत्त्वाचे ठरते. वाद मिटला असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही बाजू मान्य करतात ती गोष्ट आपल्या कामाची आहे : नुसते ध्येयाचे नाव टिपून मोजमाप पुरे होत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचे उदाहरण घ्या. १९६९च्या २४ सप्टेंबरला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना आज जवळपास प्रत्येक कॉलेजात आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि एखाद्या गावात सात दिवसांचे शिबिर. शिबिराला आलेल्या मुलांपैकी एक प्रमाणपत्रासाठी आलेला असतो, एक मित्र आला म्हणून, एकीला घराबाहेर सात दिवस राहायला मिळेल म्हणून, आणि एखादीला खरोखर बांध घालायचा असतो. घमेली सगळेच उचलतात. सातव्या दिवशी त्यांना आकांक्षा-मापनाचा कागद दिला, तर समाजकार्याला सगळेच सात देतील अशी शक्यता आहे. कागद देणारे कार्यक्रम अधिकारी समोर उभे आहेत ना!

नाव काढणे

प्रश्नावली मराठीत आणताना आणखी एक गंमत होते. प्रसिद्धीची विधाने घ्या. आपले नाव पुष्कळ लोकांना माहीत असावे, अशा धर्तीचे एक विधान असते. इंग्रजीत ते सरळ स्वतःच्या कौतुकाविषयी आहे. मराठीत ‘नाव’ हा शब्द आला की घर सोबत येते. मुलगा नाव काढतो ते स्वतःचे नव्हे, घराण्याचे, गावाचे. नाव घालवतो तेही घराचेच. बापाचे नाव राखायचे असते. आता बोदलकशाकडची एखादी मुलगी फौजदार झाली आणि गावाने तिचे नाव फलकावर लावले, तर तिची इच्छा प्रसिद्धीची होती की नात्याची? भाषांतर करणारा ‘नाव व्हावे’ असे लिहील आणि मोजणारा बाह्य ध्येयाच्या रकान्यात गुण मांडील.

उलटही घडते. ‘स्वतःला आहे तसे स्वीकारणे’ हे आंतरिक ध्येयांमधले एक. मराठीत हे वाक्य बरोबर आहे, पण कोणाच्या आजीच्या तोंडी ते येणार नाही. कानाला अनोळखी वाटणाऱ्या वाक्याला विद्यार्थी मधला चार देऊन पुढे जातो. म्हणून चांगले संशोधक भाषांतर करून थांबत नाहीत. दुसऱ्या कोणाकडून ते उलट इंग्रजीत करवून घेतात आणि फरक पडला तर मराठी वाक्य बदलतात. त्याहीपेक्षा चांगला उपाय म्हणजे दहा-पंधरा विद्यार्थ्यांना प्रश्न वाचून दाखवून, तुला यातून काय समजले, असे विचारणे. कंटाळवाणे काम आहे आणि ते बहुतेक वेळा वगळले जाते.

झाडीपट्टीत तर हा गुंता आणखी वाढतो. धानाची कापणी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत रात्रभर नाटके रंगतात. नाटकात काम करायचे आहे म्हणणाऱ्या तरुणाला टाळ्या हव्या असतात, मानधन हवे असते, नकला करण्याची हौस असते आणि मंडळीतल्या माणसांची सोबतही. चार खणांत एक इच्छा. मापनाने ती चार ठिकाणी थोडी थोडी दाखवली तर ते मापन चांगले समजावे. एका खणात कोंबली तर वाईट.

गुण मिळणार असतील तर

मूल्ये मोजण्याचा एक प्रयोग याच विदर्भात अनेक वर्षे चालला. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. खेड्यात काम करणारे डॉक्टर घडावेत, हा हेतू. त्यामुळे प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांच्या जोडीला गांधीविचारांचा एक पेपर असे. कल्पना उदात्त होती. पण एमबीबीएसची जागा पणाला लागलेली असताना साधेपणाविषयी लिहिलेले उत्तर विद्यार्थ्याचे मन सांगेल, की त्याची तयारी? ज्या मोजमापावर बक्षीस अवलंबून असते, ते मोजमाप बक्षिसाकडे वाकते. पुढे ‘नीट’ परीक्षा आली आणि संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षाच संपली.

सेवाग्रामने केलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रवेश झाल्यावर नव्या विद्यार्थ्यांचे आश्रमात पंधरा दिवसांचे शिबिर होते आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. तिथल्या घरांची तपासणी, पाठपुरावा, हे सगळे विद्यार्थी करतात. इथे मूल्य विचारले जात नाही, वागायला संधी दिली जाते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रमही याच वाटेचा. तरुणांनी शिबिरांत यावे, प्रत्यक्ष प्रश्न पाहावेत आणि आपल्या आयुष्याचे काय करायचे, हा प्रश्न स्वतःलाच विचारावा, अशी त्याची रीत आहे. पहिल्यांदा हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला, हेच पुष्कळांच्या बाबतीत नवीन असते. आपल्या कॉलेजांत टक्केवारी विचारतात, जातीचा दाखला विचारतात, हे विचारत नाहीत.

आणि विचारताना एक सावधगिरी. पैशाला पुढे ठेवणारा विद्यार्थी हा संस्कारात कमी पडला, असा सूर लावू नये. कॅसर आणि रायन यांनीच १९९५ साली अमेरिकेतल्या अठरा वर्षांच्या मुलांविषयी दाखवून दिले होते, की आर्थिक यशाला सर्वांत वर ठेवणारी मुले तुलनेने गरीब वस्त्यांतून आणि कमी आधार मिळालेल्या घरांतून आली होती. असुरक्षितता माणसाला पैशाकडे ढकलते. मे महिन्यातल्या उन्हात तेंदूपत्ता तोडून फी भरलेल्या मुलाला ‘पैसा म्हणजे सर्वस्व नाही’ असे व्यासपीठावरून सांगणारे पाहुणे नेहमी गाडीने येतात.

असुरक्षितता कमी झाली तर पैशाची पकड सैल होते का? याचे पूर्ण उत्तर मिळायचे आहे. पण अमेरिकेतल्या किशोरवयीनांना तीन सत्रांत खर्च, बचत आणि वाटून घेणे यांविषयी बोलते केले, तेव्हा ज्यांचा ओढा वस्तूंकडे जास्त होता, त्यांचा स्वतःविषयीचा आदर पुढच्या महिन्यांत वाढला, असे २०१४च्या एका प्रयोगात दिसले. म्हणजे गुण दगडावर कोरलेले नसतात.

तिरोडा-गोंदियाकडच्या एखाद्या महाविद्यालयातल्या मानसशास्त्राच्या, समाजकार्याच्या किंवा गृह-अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे मापन करायचे ठरवले, तर पैसे फारसे लागणार नाहीत. कागदावर नाव, रोल नंबर नको. कागद वाटणारे त्या वर्गाला शिकवणारे नकोत. ‘शक्यता किती वाटते’ हा रकाना गाळू नये, कारण महत्त्व सात आणि शक्यता दोन, अशी जोडी जिथे वारंवार येईल, तिथे मुलांच्या मूल्यांपेक्षा जिल्ह्यातल्या रोजगाराची बातमी असेल. तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याच्या धुराड्या बसमधून रोज पाहणाऱ्या पदवीधराला स्वतःच्या नोकरीची शक्यता किती वाटते, हा आकडा कोणाला तरी हवा असायला हवा. प्रश्नावली पहिल्या वर्षी एकदा आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा द्यावी. एकदाच दिली तर मुले कशी आली ते कळते, कॉलेजने त्यांचे काय केले ते कळत नाही.

आणि पस्तीस विधानांनंतर एक जागा कोरी सोडावी : पहिला पगार आला तर काय काय कराल, क्रमाने लिहा. कोणी घरावरची कौले लिहील, कोणी धाकट्या बहिणीची फी, कोणी बाबांचे सोसायटीचे कर्ज, कोणी मोटारसायकल, कोणी चांगला मोबाइल. बरेच जण यातले सगळेच लिहितील. कौले आधी आली की मोटारसायकल, ते पाहायचे. आणि मोटारसायकल आधी आली असेल, तर ती कॉलेजच्या फाटकाशी उभी करायला हवी आहे की गावाकडे शेवटची बस साडेपाचला निघते म्हणून, हेही त्याच मुलाला विचारून घ्यायचे.